हंगामी फुलबाग (नागपूर)

एकाच हंगामात उगवून, फुलून, बी धरून संपणाऱ्या फुलझाडांची अंगणात, गच्चीवर किंवा कुंड्यांत केलेली लागवड. नागपुरात ती बाराही महिने होऊ शकते, पण खरा बहर हिवाळ्याचा.

पावसाळ्यात झेंडू, तेरडा, कोंबडा आणि झिनिया फारसे लाड न मागता येतात. तेरडा मुळात भारतातलाच. झेंडू व झिनिया मेक्सिकोकडचे. दसऱ्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा असेल तर बी जूनच्या उत्तरार्धात टाकावे आणि तीन-चार आठवड्यांनी रोपे लावावीत. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. बाजूच्या फांद्या फुटून फुले वाढतात. उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या नवतपातही (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) पोर्चुलाका टिकून राहतो.

हिवाळी फुलांत पिटुनिया, फ्लॉक्स, डायअँथस, कॅलेंडुला, अ‍ॅस्टर, पॅन्झी ही नेहमीची. येथे अडचण वेळेची असते. नागपूरची थंडी थोडक्या दिवसांची. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो आणि मार्चमध्ये ऊन पुन्हा तापते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रोपे वाफ्यात हवीत, म्हणजे बी सप्टेंबरअखेर, उकाड्यातच पेरावे लागते. पिटुनियाचे बी मोहरीहूनही कितीतरी बारीक, आणि रुजायला त्याला उजेड लागतो. ते बारीक वाळूत मिसळून मातीवर नुसते भुरभुरावे, झाकू नये. हिरव्या जाळीखाली ठेवलेल्या ट्रेला खालून पाणी द्यावे. वरून पाणी घातले की बी वाहून जाते, आणि माती सतत चिंब राहिली तर कोवळी रोपे बुंध्याशी कुजून आडवी होतात. हे चार-पाच आठवडे सांभाळले की पुढचे काम सोपे आहे. विकतच्या रोपांवर बाग होते, पण बियांपासून केलेल्या बागेत वाणांची निवड आपल्या हाती राहते.

नागपूरची काळी माती अन्न भरपूर देते, मात्र पावसात फुगून पाणी धरते आणि उन्हात भेगाळते. म्हणून वाफे उंच करावेत; मातीत कन्हान नदीची वाळू व चांगले कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. ताजे शेण घालू नये. चुनखडीच्या जमिनीत पिटुनियाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. संत्र्याच्या बागांत दिसतो तोच हा लोहाचा तुटवडा. अशा वेळी झाडांना नत्र वाढवून उपयोग नाही, लोहयुक्त फवारणी करावी.

सुकलेली फुले वेळच्या वेळी खुडली तर बहर लांबतो, कारण बी धरले की झाडाचा जोर तिकडे वळतो. फेब्रुवारीअखेर मात्र कॅलेंडुला, फ्लॉक्सची काही फुले झाडावरच पिकू द्यावीत आणि वाळलेले बी सावलीत सुकवून कोरड्या डब्यात ठेवावे. संकरित पिटुनियाचे बी धरू नये. पुढची पिढी मूळ झाडासारखी येत नाही, ते दरवर्षी नवेच घ्यावे लागते.