आखाजीचा मुरूम होळीला रुजतो

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेली माझी मावसबहीण ओट्यावर गप्पा मारायला बसली, पण हनुवटीवरचा पदर काही काढेना. वय छत्तीस, दोन पोरांची आई. जबड्याच्या कडेने सात-आठ मुरूम, हात लागला की ठणकणारे. "मी काय आते सोळा वरीसनी पोर शे का?" ती वैतागून म्हणाली. मावशीने लगेच निदान केलं: शेवभाजी आणि पोटातली उष्णता. वैशाखात भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो, त्यामुळे आमच्याकडे उष्णतेवर कोणताही आरोप चिकटतो.

पण त्या मुरमांची सुरुवात वैशाखात झालेलीच नव्हती. केसाच्या मुळाशी एक तेलग्रंथी असते. तिचं तेल केसाच्या बारीक नळीतून वर येतं. नळीच्या आतल्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडायच्या, त्या एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. हे बूच इतकं बारीक असतं की आरशात दिसत नाही. त्यामागे तेल साचतं, आणि त्या तेलावर क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू पोसला जातो. तो तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या त्वचेवर राहतोच. मग शरीराची संरक्षण यंत्रणा जागी होते, सूज येते, पू होतो. बूच बसल्यापासून फोड दिसेपर्यंत बहुतेकदा सहा ते आठ आठवडे जातात. होळी ते आखाजी मोजा, सात आठवडे भरतात. म्हणजे काल रात्री खाल्लेल्या भाजीचा आणि आज सकाळी उगवलेल्या मुरमाचा हिशोब जुळतच नाही. ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नसतो. उघड्या बुचातलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, आणि हवेने बदललेलं तेल काळं दिसतं, म्हणून घासून ते जात नाही, उलट कातडी सोलवटते.

पंचविशीनंतरचे मुरूम बायकांना जास्त छळतात. ते हनुवटी, जबडा आणि मानेवर येतात, पाळीच्या आधीच्या आठवड्यात उसळतात. कारण हार्मोन्सचं. पुरुषी म्हणवले जाणारे अँड्रोजेन बायकांच्या शरीरातही असतात आणि तेलग्रंथी त्यांच्याच तालावर चालते. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येऊनही मुरूम येतात, कारण काहींच्या ग्रंथीच जास्त हळव्या असतात. मात्र पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएस या हार्मोन्सच्या विकाराची तपासणी करून घ्यावी.

खाण्याचं म्हणाल तर तिखटाला दोषी धरावं असा पुरावा नाही. बिचाऱ्या काळ्या मसाल्याला सोडून द्या. रक्तातली साखर भरभर वाढवणारे पदार्थ, म्हणजे साखर, मैदा, गोड थंड पेयं यांचा संबंध जास्त दिसतो, आणि काही अभ्यासांत दुधाचाही. जिममध्ये जाणाऱ्या पोरांच्या पाठीवर अचानक मुरूम पिकले तर व्हे प्रोटीनच्या डब्याकडे पाहावं. बॉडी बनवायला घेतलेल्या इंजेक्शनांकडे तर आधी पाहावं. कळण्याच्या भाकरीवर संशय घेण्याचं मला काही कारण दिसत नाही.

तेल मात्र खरंच नडतं, पण बाहेरून लावलेलं. चपचपीत तेल लावून झोपलं की ते कपाळावर ओघळतं आणि केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. गॅरेजमधल्या कारागिरांना हेच मांड्यांवर आणि हातांवर होतं, कारण ऑइलने भिजलेली पँट दिवसभर अंगाला चिकटून असते. त्यावर पहिला उपाय म्हणजे कामावरून आल्याबरोबर कपडे बदलणं आणि आंघोळ करणं. पाठीवर घाम, घट्ट सिंथेटिक टी-शर्ट आणि सॅकचे पट्टे मिळून तोच उद्योग करतात. छाती-पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील तर तो मुरूम नसून मॅलासेझिया बुरशीचा प्रकार असू शकतो. तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, बुरशीवरचं औषध लागतं. मुरूम खाजण्यापेक्षा दुखतात जास्त, घरच्या घरी अंदाज बांधायला ही खूण उपयोगी पडते.

बहिणीच्या पर्समधून मग एक ट्यूब निघाली. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली, "तीन दिवसांत चेहरा साफ". आणि खरंच तीन दिवसांत लाली उतरली होती. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत मोमेटासोन लिहिलेलं होतं. हे स्टेरॉइड. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन ही त्याची भावंडं. सूज दाबण्यात ती तरबेज असतात, बूच मात्र जिथल्या तिथे राहतं. काही महिने चोळत राहिलं की कातडी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, उन्हात आग होते, चेहऱ्यावर लव वाढते आणि मुरूम आधीपेक्षा जास्त येतात. थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. गल्लीतल्या काउंटरवर तो नियम पोहोचायचाय. माझा राग त्या तीन दिवसांच्या आश्वासनावर आहे. सात आठवड्यांचं दुखणं तीन दिवसांत बरं करतो म्हणणारा बहुधा फक्त झाकून देत असतो.

बुचावर काम करणारी औषधं सावकाश चालतात. ॲडापॅलीन ०.१ टक्का हे त्यातलं मुख्य. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, आणि ते सगळ्या चेहऱ्याला पातळ. नुसतं मुरमावर टिकली लावल्यासारखं लावू नये, कारण उद्याचे मुरूम आज साफ दिसणाऱ्या जागीच तयार होत असतात. पहिले काही आठवडे कातडी कोरडी होते, पापुद्रे निघतात. तेव्हा एक दिवसाआड लावावं, सोबत मॉइश्चरायझर. गरोदरपणात हे टाळतात, तिथे ॲझेलेइक ॲसिड चालतं. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं आणि जिवाणू त्याला सरावत नाहीत. चेहऱ्याला २.५ टक्के पुरतं, १० टक्क्यांनी आग जास्त आणि फायदा जवळपास तेवढाच. पाठीसाठी ५ टक्क्यांचा वॉश दोन-तीन मिनिटं ठेवून धुवावा. एक खोड आहे: ते कपड्यांचा रंग उडवतं. अँटिबायोटिक एकट्याने आणि महिनोन्‌महिने घेऊ नये, जिवाणू निर्ढावतात. खोल गाठी आणि खड्डे पडू लागले तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइन देतात. ते जबरदस्त औषध आहे, पण पोटातल्या बाळाला घातक. ते चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही.

लिंबू चोळू नका. लिंबाचा रस आणि आपलं ऊन एकत्र आलं की कातडी भाजून काळी पडते. आपल्या सावळ्या रंगावर मुरमापेक्षा मागे राहणारा डागच जास्त दिवस मुक्काम करतो, म्हणून फोडणं बंद, आणि शेतात जाताना स्कार्फ व सनस्क्रीन दोन्ही.

बहीण जळगावला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. स्टेरॉइडची ट्यूब त्यांनी आधी सोडवली, आणि मग पंधरा दिवस चेहरा असा पेटला की तिने मला फोनवर शिव्या घातल्या. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन: "काहीच फरक नही." डॉक्टरांनी बारा आठवडे सांगितले होते. मी म्हटलं, श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत थांब, तोवर तेवढे भरतात.

राखीला आली तेव्हा पदर खांद्यावर होता. हनुवटीवर चार-पाच फिकट काळसर डाग, ठणकणारं काहीच नाही. दोन दिवस राहिली आणि गेली, तेव्हा आमच्या नव्या निळ्या टॉवेलवर तळहाताएवढे पांढरे धब्बे होते.