रिकामा पाय, भरलेला पाय

'ताई ची' हा संथ चिनी व्यायाम शिकवताना दोन चिनी शब्द सतत कानावर पडतात, 'शू' आणि 'शी'. शू म्हणजे रिकामा, शी म्हणजे भरलेला. अंगाचा भार ज्या पायावर आहे तो भरलेला, दुसरा रिकामा. एका पायातला भार पुरता दुसऱ्यात उतरल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. टाकायचं तेही मांजरीसारखं. पुढे जाताना आधी टाच अलगद टेकवायची, जमीन भरवशाची वाटली की मगच तिच्यावर भार सोपवायचा. बीजिंगच्या बागांमध्ये सकाळी म्हातारी माणसं हे करत असतात, तेव्हा लांबून तो एखादा संथ नाच वाटतो. वैद्यकीय संशोधनात मात्र या व्यायामाचा सर्वांत ठोस फायदा दिसला तो नेमका इथे, पायात भार भरण्या-उतरवण्यात.

सत्तरीनंतर पडणं ही किरकोळ गोष्ट राहत नाही. आजी न्हाणीघरात घसरतात, खुब्याचं हाड मोडतं, आणि तोवर घरभर हिंडणारं माणूस अंथरुणाला खिळतं. हाड जुळलं तरी भीती उरते. भीतीपोटी माणूस पाय फरफटत, अंग आखडून चालू लागतो. चालणं कमी झालं की मांड्या आणखी अशक्त होतात आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते.

आपण चालतो तेव्हा क्षणभर एका पायावरच असतो. तरुणपणी तो क्षण वेगाच्या जोरावर निभावून जातो. ताई चीमध्ये वेगाची ही मदत काढून घेतलेली असते. गुडघे किंचित वाकलेले, हालचाल इतकी संथ की एका पायावरचा तो क्षण लांबत जातो. मांडीच्या आणि घोट्याभोवतीच्या स्नायूंना सगळा वेळ काम करावं लागतं. तळव्याकडून, सांध्यांकडून, आतल्या कानाकडून येणाऱ्या सूचना मेंदूला पुन्हा नीट ऐकाव्या लागतात. आणि मन दुसरीकडे गेलं की तोल जातो, त्यामुळे लक्ष पावलावर ठेवावंच लागतं. म्हणूनच याला शरीर-मनाचा व्यायाम म्हणणं मला योग्य वाटतं, त्यात गूढ काही नाही.

1996 साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात सत्तरीपुढच्या 200 जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. 15 आठवडे ताई ची केलेल्यांमध्ये वारंवार पडण्याचा धोका 47.5 टक्क्यांनी घटला. तोल सुधारणाऱ्या संगणकी यंत्रावर सराव केलेल्यांना तसा फायदा झाला नाही. 2018 मध्ये ऑरेगन राज्यातला अभ्यास आला. त्यात 670 वृद्ध होते, आधी पडलेले किंवा चालताना अडखळणारे. आठवड्यातून दोनदा, तासभर, 24 आठवडे. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या तुलनेत ताई चीच्या गटात पडण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी होतं. ताकद, तोल आणि चालणं असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ते 31 टक्क्यांनी कमी होतं. मला ही दुसरी तुलना जास्त मोलाची वाटते. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यापेक्षा असा व्यायाम करणारा बरा असणारच, इथे स्पर्धा चांगल्या व्यायामाशी होती.

पार्किन्सनच्या 195 रुग्णांवरच्या 2012 सालच्या अभ्यासातही तोल सावरण्यात ताई ची वजनाच्या व्यायामापेक्षा सरस ठरली. पडण्याच्या बाबतीत मात्र दोन्हींत ठाम फरक दिसला नाही. गुडघ्याच्या संधिवातात तिचा गुण फिजिओथेरपीइतकाच आला. बीजिंगमध्ये रक्तदाब किंचित वाढलेल्या 342 जणांवर वर्षभर केलेल्या अभ्यासात वरचा आकडा ताई चीने सरासरी 7 अंकांनी उतरला, तर एरोबिक व्यायामाने साडेचारच्या आसपास.

या परंपरेची मुळं फार जुनी आहेत. हूनान प्रांतातल्या मावांगद्वी इथल्या, इ.स.पू. 168 मध्ये बंद केलेल्या थडग्यात रेशमावरचं एक चित्र सापडलं. त्यात व्यायामाच्या पवित्र्यांतली 44 माणसं आहेत, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. ताई ची मात्र त्यामानाने अलीकडची. तिची चेन शैली हनान प्रांतातल्या चेन कुळाच्या गावातली, मूळची युद्धकला. आज जगभर शिकवला जाणारा 24 हालचालींचा सोपा संच चीनच्या क्रीडा आयोगाने 1956 मध्ये बांधला.

अशाच जुन्या चिनी परंपरेतला आठ हालचालींचा आणखी एक व्यायाम म्हणजे बादुआनजिन. त्याच्या शेवटी टाचा उचलून सात वेळा जमिनीवर आपटायच्या असतात, आणि जुनी ओळ सांगते की त्याने शंभर आजार पळतात. असे दावे करताना शरीरात वाहणाऱ्या 'ची' नावाच्या शक्तीचा हवाला दिला जातो. ती शक्ती कुठल्याही यंत्राने मोजलेली नाही. शिवाय गोळीसारखी ताई ची लपवून देता येत नाही, आपण काय करतोय हे करणाऱ्याला ठाऊकच असतं. त्यामुळे दुखणं, झोप, उदासी अशा स्वतः सांगायच्या तक्रारींवरचे निष्कर्ष मी जरा हात राखून वाचते. पडणं मोजता येतं, म्हणून तिथला पुरावा मला अधिक भक्कम वाटतो.

घरात कोणी सुरू करणार असेल तर रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. गुडघे दुखेपर्यंत वाकवू नयेत. पहिले काही आठवडे हाताशी भिंत किंवा जड खुर्ची असावी, आणि एखादं माणूस शेजारी उभं असावं. वरच्या अभ्यासांमधले फायदे दिसायला काही महिन्यांचा नियमित सराव लागला होता.