ब्राझीलचे स्वातंत्र्य

दक्षिण अमेरिकेतील पोर्तुगीज वसाहत ब्राझील ७ सप्टेंबर १८२२ रोजी पोर्तुगालपासून विभक्त झाली. शेजारच्या स्पॅनिश वसाहती लढून प्रजासत्ताके झाल्या आणि अनेक देशांत विखुरल्या. ब्राझील मात्र अखंड राहिला, कारण तेथे बंडाचे नेतृत्व पोर्तुगालच्या युवराजानेच, म्हणजे पेद्रोने, केले.

मूळ कारण नेपोलियन. १८०७ च्या नोव्हेंबरात फ्रेंच फौजा लिस्बनच्या वेशीवर येताच तेव्हा राज्यकारभार पाहणारा युवराज, पेद्रोचा बाप दों जुआंव दरबार, खजिना व हजारो माणसे घेऊन ब्रिटिश आरमाराच्या संरक्षणात अटलांटिकपार निघाला. युरोपातील राज्यकर्त्याने वसाहतीत राजधानी थाटण्याचा हा विलक्षण प्रसंग. जानेवारी १८०८ मध्ये साल्व्हादोरला उतरताच त्याने बंदरे मित्रराष्ट्रांच्या व्यापाराला खुली केली. तोवर ब्राझीलला छापखाना ठेवण्याचीही मुभा नव्हती. त्याच वर्षी रिओ दी जानेरोत सरकारी मुद्रणालय आणि बँक निघाली. १८१५ मध्ये ब्राझीलला पोर्तुगालच्या बरोबरीने राज्याचा दर्जा मिळाला. दरबाराचा खर्च मात्र प्रांतांच्या माथी पडला. १८१७ मध्ये पेर्नांबुकू प्रांताने प्रजासत्ताक जाहीर केले, ते मोडून काढण्यात आले.

१८२० मध्ये पोर्तु शहरात उदारमतवादी उठाव झाला. त्यातून आलेल्या संसदेने, म्हणजे कोर्तेसने, एव्हाना राजा झालेल्या दों जुआंवला परत बोलावले. एप्रिल १८२१ मध्ये तो निघाला, पण मुलगा पेद्रो याला मागे ठेवून. मायदेशी उदारमतवादी असलेल्या या संसदेला ब्राझील मात्र पुन्हा ताब्यातली वसाहत म्हणूनच हवा होता. तिने पेद्रोलाही परत बोलावले आणि प्रांत थेट लिस्बनच्या हाताखाली आणले. ९ जानेवारी १८२२ रोजी पेद्रोने राहण्याचा निर्णय जाहीर केला. मंत्री जुझे बोनिफासियु आणि पत्नी लिओपोल्दिना यांचा त्याला पाठिंबा होता. लिस्बनचे नवे हुकूम आणि या दोघांची पत्रे त्याला सांव पाउलूजवळ इपिरांगा ओढ्याकाठी मिळाली आणि तेथेच त्याने स्वातंत्र्य पुकारले. चित्रांत तो उमद्या घोड्यावर दिसतो. प्रत्यक्षात अशा डोंगरवाटांवर खेचरेच वापरीत. डिसेंबरात त्याला सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला.

हे स्वातंत्र्य रक्त न सांडता मिळाले, ही समजूत उत्तरेकडे टिकत नाही. बाईया प्रांतात पोर्तुगीज फौज २ जुलै १८२३ पर्यंत झुंजली. पुरुषवेशात सैन्यात शिरलेली मारिया कितेरिया तिथलीच. २ जुलै हा दिवस बाईयात आजही साजरा होतो. मारान्यांव आणि पारा हे प्रांत ब्रिटिश दर्यावर्दी कॉक्रनच्या आरमारी दबावाने साम्राज्यात आले.

पोर्तुगालने मान्यता दिली ती २९ ऑगस्ट १८२५ च्या, ब्रिटनच्या मध्यस्थीने झालेल्या तहाने. त्यासाठी ब्राझीलला २० लाख पौंड मोजावे लागले. त्यांतले १४ लाख पोर्तुगालच्याच लंडनमधील कर्जाचे होते. इतर पोर्तुगीज वसाहतींना आपल्यात सामील करून घेणार नाही, असेही पेद्रोने कबूल केले. लिस्बनचा रोख मुख्यतः गुलामांच्या व्यापाराने ब्राझीलशी बांधलेल्या अंगोलाकडे होता. गोव्यातली पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत टिकली.

राजा बदलला, पण मळे आणि गुलामगिरी तशीच राहिली. जमीनदारांनी पेद्रोला साथ दिली त्यामागे हेही एक कारण होते. गुलामगिरी रद्द व्हायला १३ मे १८८८ उजाडावा लागला. त्यानंतर नाराज जमीनदारांनी राजघराण्याची बाजू सोडली आणि १५ नोव्हेंबर १८८९ रोजी लष्कराने साम्राज्य संपवले.