फुरुसातो नोझेइ म्हणजे जपानी ८०जी नव्हे

डिसेंबर आला की जपानमधल्या मराठी मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "फुरुसातो नोझेइ म्हणजे आपलं ८०जीच की!" फुरुसातो नोझेइ म्हणजे पसंतीच्या गावाला देणगी देऊन ती आपल्या करातून वजा करून घ्यायची जपानी योजना. ती ८०जीसारखीच, या समजुतीने कोणी हात आखडता घेतं, तर कोणी मर्यादेबाहेर देऊन बसतं. दोन्हीकडे पावती मिळते आणि दोन्हीला देणगी म्हणतात, साम्य तेवढंच.

८०जी, म्हणजे भारतीय आयकरातलं देणगीच्या वजावटीचं कलम, तुम्हाला माहीत आहे. नोंदणीकृत संस्थेला पैसे द्यायचे, ५० किंवा १०० टक्के वजावट घ्यायची. दोन हजारांवर रोख चालत नाही, नव्या कररचनेत वजावटच नाही. पुढे जाऊ.

खरी गोची आहे ती पैसा कोणाच्या खिशातून जातो इथे. ८०जीत वजावट उत्पन्नातून होते. जुन्या कररचनेत, ३० टक्क्यांच्या टप्प्यात असताना, ५० टक्के वजावटीच्या संस्थेला ५०,००० रुपये दिले, तर २५,००० उत्पन्नातून वजा होतात आणि उपकर धरून ७,८०० रुपये कर कमी होतो. उरलेले ४२,२०० तुमचे गेले. म्हणूनच ती खरी देणगी.

फुरुसातो नोझेइत, पगार आणि कुटुंबावरून ठरणाऱ्या मर्यादेच्या आत, ५०,००० येन दिले, तर ४८,००० येन करच कमी होतो. काही भाग आयकरातून परत येतो, उरलेला पुढच्या जूनपासून भरायच्या रहिवासी करातून वजा होतो. विवरणपत्र न भरता वजावट मिळवायचा 'वन-स्टॉप' अर्ज केला असेल तर सगळाच रहिवासी करातून. कसंही झालं तरी तुमच्या खिशाला चाट फक्त २,००० येनची. शिवाय गावाकडून देणगीच्या ३० टक्क्यांपर्यंत किमतीची स्थानिक वस्तू येते: मियाकोनोजोचं गोमांस, होक्काइदोतल्या मोम्बेत्सूचे शिंपले, नाहीतर तांदूळ. याला 'कर वाचवणं' म्हणतात तेव्हा मला राग येतो. तुम्ही येनभरही वाचवत नाही. जो कर भरायचाच होता, तो दुसऱ्या गावाकडे वळवता, तोही आगाऊ.

मग ते ४८,००० येन कोणाचे? मुख्यतः तुम्ही राहता त्या शहराचे आणि प्रांताचे. रहिवासी कर हा त्यांचा स्वतःचा महसूल आहे. योकोहामासारख्या शहराचा असा बुडालेला महसूल केंद्र सरकार ७५ टक्के भरून देतं, पण टोकियोच्या २३ वॉर्डांना ती भरपाई मिळत नाही. सेतागाया वॉर्ड वर्षानुवर्षं हीच तक्रार करतोय. टोकियोच्याच एदोगावा वॉर्डात राहून मुलांना तिथल्याच सरकारी शाळेत घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. ओस पडत चाललेल्या गावांना यातून खरोखर पैसा मिळतो, आणि २०२४च्या नोतो भूकंपानंतर अनेकांनी भेटवस्तू न घेता तिकडे पैसे पाठवले. माझ्या मते योजनेचा सर्वांत चांगला वापर तोच. शिंपले बाजारातही मिळतात.

यामुळेच "मुंबईकर चाकरमान्याचा आयकर कोकणातल्या ग्रामपंचायतीला द्या, जपानसारखं" ही सूचना जशीच्या तशी लागू पडत नाही. आपला आयकर महापालिकेचा नसतो. एका स्थानिक संस्थेकडून दुसरीकडे वळवायला उत्पन्नावरचा स्थानिक करच आपल्याकडे नाही.

मर्यादा ओलांडली की मात्र वरचे पैसे बहुतांशी तुमच्याच खिशातून जातात, आणि तेवढ्यापुरतं ८०जीशी साम्य येतं. ५० लाख येन पगाराच्या एकट्या नोकरदाराला मर्यादा साधारण ६१,००० येन. बायको अवलंबित असेल तर ४९,०००च्या आसपास. भारतातल्या आईवडिलांना अवलंबित दाखवलं असेल तर आणखी खाली. संकेतस्थळावरच्या झटपट तक्त्यात पगार टाकून मोकळे होऊ नका. तो तक्ता आईवडिलांबद्दल विचारत नाही.

वन-स्टॉप अर्ज पाचपर्यंत गावांना चालतो आणि पुढच्या १० जानेवारीपर्यंत पोचावा लागतो. पण नंतर औषधोपचाराच्या खर्चासाठी वगैरे काकुतेइ शिनकोकु, म्हणजे विवरणपत्र भरलंत, तर तो अर्ज रद्द होतो. मग सगळ्या देणग्या विवरणपत्रात पुन्हा दाखवाव्या लागतात. जूनमध्ये कंपनीकडून रहिवासी कराची लांबट चिठ्ठी येते. ती फेकू नका. वन-स्टॉपवाल्यांनी त्यावरचे शहर आणि प्रांत यांचे करवजावटीचे आकडे बेरजेला घ्यावेत; देणगीतून २,००० वजा केलेल्या रकमेच्या जवळपास आकडा नसेल, तर कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड कार्यालयात, जाऊन विचारावं.

आणि भारतात परतायच्या बेतात असाल तर आधी तारीख बघा. रहिवासी कर १ जानेवारीला जपानात राहणाऱ्यालाच लागतो. ऑक्टोबरात देणगी देऊन डिसेंबरात कायमचे परत गेलात, तर पुढच्या वर्षी तो करच नसतो, मग वजा कशातून होणार? अशा वर्षी देऊ नका, किंवा देणगी समजूनच द्या.