कॅम्पर व्हॅनची नोंदणी: फाइल अडते ती 22-अ वर

परळी, औंढा नागनाथ आणि वेरूळचं घृष्णेश्वर एकाच फेरीत करायचं, आईवडिलांना रात्री गाडीतच नीट आडवं होता यावं, स्वयंपाक आपल्या हातचा असावा. आपल्याकडे कॅम्पर व्हॅनची चौकशी करणारे बहुतेक जण हेच सांगतात. मग पुण्याकडची जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली जाते, ओळखीच्या गॅरेजात सीट निघतात, पलंग-ओटा-टाकी बसते, आणि सगळा खर्च झाल्यावर मंडळी आरटीओत जातात. तिथून अर्ज परत येतो. पैसे घालण्याआधी कागद बघा, एवढंच कळकळीनं सांगायचंय.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. दंड प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीट काढल्या की आसनक्षमता बदलते, ओटा-टाकी बसली की गाडीचं रिकामं वजन बदलतं, म्हणजे आरसी चुकीची ठरते. सीट जागेवर ठेवून मागे उचलता येणारी फळी आणि गादी टाकली, तर हा प्रश्न येत नाही. अनेक कुटुंबांची गरज तेवढ्यात भागते.

खरी कॅरॅव्हॅनच, म्हणजे पलंग-ओटा कायमचा बसवलेली कॅम्पर व्हॅन हवी असेल, तर तिच्यासाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. बॉडी बिल्डरकडे त्या मानकानुसार चाचणी संस्थेची मान्यता असावी लागते. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. त्या मान्यतेच्या आधारावर बिल्डर फॉर्म 22-अ, म्हणजे बांधलेली बॉडी नियमांनुसार असल्याचं प्रमाणपत्र देतो. हाच कागद कुणाकडे नसतो. गॅरेजचं बिल, वेल्डरचं पत्र, फोटो, यातलं काहीही त्याची जागा घेत नाही. बिल्डर म्हणाला “नंतर देतो”, तर ॲडव्हान्स देऊ नका. आधी मान्यतेची प्रत मागा आणि तीवरचं मॉडेल तुमच्या गाडीचंच आहे का ते ताडून पाहा. हे आरटीओच्या खिडकीवर पहिल्याच दिवशी कुणी सांगत नाही, याचा संताप येतो. माणूस लातूर किंवा नांदेडला चार खेपा घालतो तेव्हा त्याला कळतं.

दुसरा अडथळा पिवळ्या पाटीचा, म्हणजे व्यावसायिक नंबरप्लेटचा. जुनी ट्रॅव्हलर बहुधा टुरिस्ट परमिटवर चाललेली असते. ती खासगी करायची तर परमिट जमा करणं, कराचा फरक भरणं आणि कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची ना हरकत, हे सगळं आलं. विकणाऱ्याकडून हे उरकून मगच व्यवहार पूर्ण करा.

मुदतीचा घोळ तर नेहमीचाच. परराज्यातली गाडी बारा महिने चालते, हे सगळ्यांना पाठ असतं. ती सवलत फक्त इथला नवा नंबर घेण्यासाठी आहे. मालकी बदलाची मुदत घेणाऱ्याला 30 दिवसांचीच. हैदराबाद किंवा बिदरकडून गाडी आणणाऱ्यांनी फॉर्म 28 ची एनओसी (तिथल्या आरटीओची ना हरकत) तिकडूनच घेऊन निघावं. एकही चलान थकलेलं असेल तर ती अडते.

बाकी नेहमीचंच: नव्या गाडीला फॉर्म 20 (नोंदणीचा अर्ज) आणि 21 (विक्रीचं प्रमाणपत्र), विमा, पत्त्याचा पुरावा, चासी नंबरची पेन्सिल प्रिंट, ऑनलाइन शुल्क, गाडीची तपासणी.

स्वतःसाठी वापरली तर कॅम्पर व्हॅन खासगी वर्गात मोडते. लग्नसराईत भाड्यानं दिली की व्यावसायिक, मग फिटनेस वेगळं, कर वेगळा. एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन्स पुरतं.

गाडी निवडताना आपला उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवा. पत्र्याच्या छताला आतून उष्णतारोधक अस्तर नसेल, तर मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ती भरायची सोय प्रत्येक गावात नसते. उंचीही मोजा: दौलताबादच्या वेशीत उंच गाडीची अडचण होते. अजिंठ्याला तर खासगी गाडी फर्दापूर टी-पॉइंटलाच ठेवून पुढे बसनं जावं लागतं.

विमा कंपनीला बॉडीचा प्रकार लेखी कळवा. पॉलिसीवर आणि आरसीवर एकच प्रकार छापलाय का, ते हप्ता भरण्याआधी वाचा. अपघातानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा तेच बघतो.