स्कायलाइन आर३२: जीटी-आर आणि जीटीएस-टी यांतला फरक

निस्सानची आर३२ स्कायलाइन १९८९ साली आली. जीटी-आर ही तिची सर्वांत जोरकस आवृत्ती, जीटीएस-टी त्याखालची. तिच्या दोन दारांच्या जीटीएस-टीला जीटी-आरचा बंपर, स्पॉयलर आणि बॅज बसवले की लांबून भलेभले फसतात. फसवणूक पैशांतही महाग पडते, म्हणून गाडी बघताना सुरुवात चासी नंबरापासूनच करा. बोनेट उघडून फायरवॉलवरचा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावरचा नंबर वाचा. बीएनआर३२ असेल तर जीटी-आर, एचसीआर३२ असेल तर नाही. चारही चाकांना ताकद जाते म्हणून जीटी-आर, हाही पुरावा नव्हे. जीटीएस-४ नावाची एचएनआर३२ याच घरातली आहे आणि तीही फोर-व्हील ड्राइव्हच आहे.

नंतर लोहचुंबक काढा. जीटी-आरचं बोनेट आणि पुढचे फेंडर अॅल्युमिनियमचे, त्यावर चुंबक चिकटत नाही. पण फायबरवरही चिकटत नाही! तेव्हा बोनेटची आतली बाजू बघा. विणीसारखे धागे किंवा खडबडीत राळ दिसली तर ते फायबर. मग मागच्या चाकाच्या कमानीच्या आतून बोट फिरवा. जीटी-आरचा पत्रा मुळातच रुंद. नंतर रुंद केलेल्या गाडीत तिथे लांबीचा (भरायच्या पुटीचा) जाड थर हाताला लागतो. रुंदी जीटी-आरची १७५५ मिमी, जीटीएस-टीची १६९५. जपानमध्ये १७०० मिमी आणि २००० सीसीच्या आतली गाडी ५ नंबरच्या वर्गात येते. जीटीएस-टी दोन्ही मापांत जेमतेम बसते: इंजिन १९९८ सीसी.

जीटीएस-टीचं हे इंजिन आरबी२०डीईटी, एक टर्बो, २१५ पीएस (अश्वशक्ती), ताकद फक्त मागच्या चाकांना. जीटी-आरचं आरबी२६डीईटीटी २५६८ सीसी, दोन टर्बो, कागदावर २८० पीएस. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल (हवेची झडप), एकूण सहा. इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेण्याच्या बाजूला ती रांग दिसली की इंजिनाबद्दल शंका उरत नाही. गाडीबद्दल उरते, कारण हे इंजिन जीटीएस-टीतही बसवतात.

जीटी-आरचा जीव अटेसा या फोर-व्हील ड्राइव्ह प्रणालीत आहे. एरवी गाडी मागच्या चाकांवर चालते. मागची चाकं घसरू लागली की संगणक तेलाच्या दाबाने मल्टी-प्लेट क्लच आवळतो आणि ताकद पुढे पाठवतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. पुढच्या-मागच्या घेरात फरक पडला तर संगणकाला चाक घसरल्यासारखं वाटतं, क्लच सतत अर्धवट लागून राहतो आणि तापतो. बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढू नका, फ्लॅटबेडच मागवा. जीटीएस-टीला यातलं काहीच लागत नाही.

सुरुवातीच्या आरबी२६मध्ये क्रँकशाफ्टचा ऑइल पंप फिरवणारा भाग अरुंद आहे. रेव्ह लिमिटरवर (इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेवर रोखणारी यंत्रणा) इंजिन वारंवार आपटलं की पंपाचा गिअर तडकतो, तेलाचा दाब जातो आणि बेअरिंगं जळतात. इंजिन उघडलंच तर क्रँकला रुंद कॉलर आणि नवा पंप एकदमच घाला. मूळ टर्बोंच्या आतली सिरॅमिक चाकंही वाढवलेल्या बूस्टला (टर्बोच्या हवेच्या दाबाला) तुटतात. टायमिंग बेल्ट दोघींचा १ लाख किमीला बदलायचा, नोंद नसेल तर लगेच.

वजनात जीटी-आर १४३० किलो, जीटीएस-टीचा टाइप-एम हा प्रकार १२६०. वळणाच्या रस्त्यावर हे १७० किलो, तेही बरेचसे नाकावरचे, स्टिअरिंगला जाणवतात. रोज चालवायला टाइप-एमच घ्यावी. जीटी-आरचं मोल मात्र मूळ चासी नंबरालाच. आरबी२६ घातलेली एचसीआर३२ चालवायला कितीही झकास असली, तरी तिला जीटीएस-टीच्याच भावात मागा.