कैलास-मानसरोवर यात्रेचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि लोक नेमके कुठे अडकतात

कैलास-मानसरोवरची सरकारी यात्रा पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तिच्याबरोबर अर्जांचे जुने गोंधळही परतले. त्या वर्षी ५,५६१ जणांनी अर्ज केले आणि जागा होत्या ७५०. सोडतीत नंबर लागला नाही तर त्याला कुणाचाच इलाज नाही. पण नंबर लागून, रजा मंजूर करून घेऊन, नातेवाइकांचे आशीर्वाद घेऊन वैद्यकीय तपासणीसाठी दिल्लीपर्यंत गेलेली माणसं तिथूनच परत येतात तेव्हा हळहळ वाटते. कारण जे आडवं आलं ते बहुतेक वेळा अर्ज भरतानाच समोर दिसत होतं.

आधी ढोबळ माहिती. यात्रा परराष्ट्र मंत्रालय आयोजित करतं. मार्ग दोन: उत्तराखंडातून लिपुलेख खिंडीने आणि सिक्कीममधून नाथू ला खिंडीने. २०२५ मध्ये लिपुलेखमार्गे ५० जणांच्या ५ तुकड्या आणि नाथू लामार्गे १० तुकड्या गेल्या. खर्चाचा सरकारी अंदाज लिपुलेखसाठी सुमारे १ लाख ७४ हजार आणि नाथू लासाठी सुमारे २ लाख ८३ हजार रुपये होता, दिवस साधारण तीन आठवडे. प्रत्येक तुकडीबरोबर सरकारने नेमलेले संपर्क अधिकारी असतात आणि वाटेत त्यांचा शब्द अखेरचा. अर्ज फक्त ऑनलाइन. तारखा आणि रकमा दर वर्षी बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज बाजूला ठेवा आणि मंत्रालयाचं यात्रा-संकेतस्थळच उघडा.

पासपोर्ट: सगळ्यात जास्त घोळ इथे

नियम असा आहे: यात्रेच्या वर्षाच्या १ सप्टेंबरला पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. हे वाक्य लोक घाईत वाचतात आणि ‘सप्टेंबरपर्यंत चालणारा पासपोर्ट’ असा अर्थ काढतात. तसं नाही. १ सप्टेंबरपासून पुढे सहा महिने मोजायचे, म्हणजे पासपोर्ट पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत वैध हवा. तुमचा पासपोर्ट येत्या डिसेंबरात किंवा जानेवारीत संपत असेल, तर ‘आपण तर ऑगस्टमध्येच परत येणार’ हा युक्तिवाद कितीही बरोबर वाटला तरी तो चालत नाही.

मग लोक काय करतात? आधी अर्ज भरून टाकतात आणि ‘नंबर लागला तर नूतनीकरण करू’ म्हणतात. नवा पासपोर्ट नव्या क्रमांकाचा येतो, अर्जात जुना क्रमांक असतो, आणि मग दुरुस्तीसाठी ईमेल आणि फोनचा सिलसिला सुरू होतो. चीनचा व्हिसा अख्ख्या गटाचा मिळून असतो, हेही लक्षात घ्या. मुदत काठावर असेल तर आधी नूतनीकरण, मग अर्ज. पत्त्यात घोळ असेल तर पोलीस पडताळणी किती आठवडे रेंगाळेल ते सांगता येत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर लगेच काढलेलं बरं.

दुसरी गोष्ट नावाची. अर्जातलं नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने हवं. आपल्याकडे लग्नानंतर आधारवर नाव बदलतं, बँकेत बदलतं, पासपोर्टवर मात्र माहेरचंच राहतं. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडून आलेलं असतं, कुणाच्या आडनावाचा रकानाच रिकामा असतो. आधारकार्ड समोर ठेवून अर्ज भरू नका, पासपोर्ट समोर ठेवून भरा.

अर्ज करताना पासपोर्टची दोन पानं स्कॅन करून चढवायची असतात: फोटोचं पहिलं पान आणि आई-वडील, जोडीदाराची नावं असलेलं शेवटचं पान. त्याशिवाय एक फोटो. शेवटचं पान विसरणारे खूप. अपुरा अर्ज सरळ बाद होतो.

यात्रा फक्त भारतीय नागरिकांसाठी आहे. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, चालत नाही. आई-वडिलांना सोबत म्हणून परदेशातून येऊ पाहणाऱ्या मुलांनी तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर त्यांना या यात्रेत येता येणार नाही. हे तिकिटं काढण्याआधी कळलेलं चांगलं.

वय आणि वजन

वय यात्रेच्या वर्षाच्या १ जानेवारीला १८ पूर्ण हवं आणि ७० पेक्षा जास्त नको. अर्जाच्या दिवशीचं वय मोजायचं नाही.

खरी अडचण वजनाची. बीएमआय २५ किंवा त्याहून कमी हवा. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला यात ६४ किलोपर्यंत मुभा आहे, १७० सेंटिमीटरला सुमारे ७२ किलोपर्यंत. ‘माझी तब्येत ठणठणीत आहे, मी सह्याद्रीतले सगळे किल्ले चढतो’ हे खरं असलं तरी ७८ किलोचा काटा ७८ च दाखवतो. सोडतीनंतर हातात थोडेच आठवडे असतात. त्यात सात-आठ किलो उतरवण्याच्या नादात लोक जेवण तोडतात आणि अशक्त होऊन दिल्लीत पोचतात, मग दुसऱ्याच कुठल्या चाचणीत अडकतात. वजनाचं काम अर्जाच्या आधी सहा महिने सुरू व्हायला हवं.

सोडत आणि पैसे

आधी अर्ज करणाऱ्याला आधी जागा, असं काही नाही. निवड संगणकाच्या सोडतीने होते आणि त्यात स्त्री-पुरुष समतोल पाहिला जातो. त्यामुळे पहिल्या रात्री जागून अर्ज भरण्यात अर्थ नाही, आणि ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देण्यातही नाही. मार्गांचा पसंतीक्रम देता येतो. नाथू लामार्गे गाडी दूरवर जाते म्हणून ती ‘सोपी’ यात्रा, असा समज पसरलेला आहे. कैलासाची परिक्रमा आणि ५,६०० मीटरच्या वरची त्या वाटेवरची डोल्मा ला खिंड दोन्ही मार्गांना सारखीच. पर्याय भरताना एवढं ध्यानात असू द्या.

निवड झाल्याचा निरोप एसएमएस आणि ईमेलवर येतो. अर्जात मुलाचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा ईमेल दिलेला असेल तर तो निरोप तुमच्यापर्यंत पोचायचा कसा? निवडीनंतर ठरलेल्या तारखेच्या आत निश्चितीची रक्कम भरायची असते: लिपुलेखसाठी कुमाऊँ मंडल विकास निगमकडे, नाथू लासाठी सिक्कीमच्या पर्यटन विकास महामंडळाकडे. ही रक्कम परत मिळत नाही. मिळालेली तुकडी सहसा बदलत नाही. सबळ कारण देऊन विनंती करता येते, पण जागा रिकामी असली तरच विचार होतो.

मुद्रांक आणि सह्या

दिल्लीला जाताना मूळ पासपोर्ट आणि फोटोंबरोबर तीन कागद न्यायचे असतात: हमीपत्र, आणीबाणीत हेलिकॉप्टरने हलवण्याबद्दलचं वचनपत्र आणि संमतीपत्र. यातला एकही कमी असला तर पुढे जाऊ देत नाहीत.

हमीपत्राबाबत सूचनांमध्ये १०० रुपयांच्या मुद्रांकाचा उल्लेख असतो, शिवाय ‘किंवा स्थानिक नियमाप्रमाणे’ असंही लिहिलेलं असतं. हे पुढचे शब्द कुणी वाचत नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तऐवजांना १०० ऐवजी ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क झालं आहे. मुद्रांक विक्रेता १०० चा देत नाही, यात्रेकरू सूचनांचा कागद नाचवत ‘इथे १०० लिहिलंय’ म्हणतो, आणि दोघांचीही दुपार जाते. दोन सरकारी कागद एकमेकांशी बोलत नाहीत आणि मध्ये माणूस फिरतो, हे नेहमीचंच. ५०० चा घ्या, संकेतस्थळावरचा मजकूर जसाच्या तसा टाइप करून घ्या आणि नोटरी किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सही करा. सही घरून करून नेली तर नोटरी तो कागद परत करील.

संमतीपत्रापाशी अनेक घरांत वाद होतात. चीनच्या हद्दीत मृत्यू झाला तर अंत्यसंस्कार तिथेच करायला संमती, असा तो मजकूर असतो. बायको किंवा आई तो वाचते आणि जाऊ नका म्हणते. त्यांची समजूत दिल्लीला निघायच्या आदल्या रात्री काढायची वेळ येऊ देऊ नका. कागद आधीच घरी वाचून दाखवा. त्या उंचीवरून, परदेशी हद्दीतून पार्थिव परत आणणं किती अवघड आहे ते शांतपणे सांगा. तरीही घरच्यांचं मन धजत नसेल तर अर्ज भरण्याआधीच थांबणं सोपं असतं.

दिल्लीतली तपासणी

तपासणी दिल्ली हार्ट अँड लंग इन्स्टिट्यूट आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या रुग्णालयात होते. रक्त, छातीचा एक्स-रे, ट्रेडमिलवरची हृदयाची चाचणी वगैरे. घरच्या डॉक्टरांचं ‘तंदुरुस्त’ असं प्रमाणपत्र इथे उपयोगी पडत नाही, निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. म्हणून रक्तदाब, साखर आणि ट्रेडमिल या तीन तपासण्या निश्चितीची रक्कम भरण्याआधी आपल्या गावातच करून घ्या. नापास झाल्यावर दिल्लीचा खर्चही जातो आणि भरलेले पैसेही.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती लपवू नका. तपासणीच्या दिवशी गोळी टाळून ‘मला काही नाही’ म्हणणारे असतात, आणि नेमका त्याच दिवशी दाब चढलेला सापडतो. शिवाय तपासणी एकदाच होते असं नाही. लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला आणि नाथू लाच्या वाटेवर शेराथांगला पुन्हा तपासतात, म्हणजे उंचीवर शरीर कसं वागतंय ते पाहतात. तिथे नापास झालेल्याला तिथूनच परत पाठवतात, मग दिल्लीत तो कितीही चांगला निघालेला असो.

नेपाळमार्गे खासगी कंपन्या नेतात ती यात्रा वेगळी. तिला ही सोडत नाही, मंत्रालयाची ही तपासणीही नाही. त्यामुळे दिल्लीत नापास झालेले काही जण पुढच्या वर्षी तिकडे वळतात. कंपनीने विचारलं नाही म्हणून डोल्मा ला बुटकी होत नाही. त्या वाटेने जायचं असेल तर दिल्लीतल्या नापासाचा अहवाल घेऊन आधी हृदयरोगतज्ज्ञाला भेटा, मगच आगाऊ रक्कम भरा.